ब्रिजचा पिकअप कुणी निवडायचा

४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही माझ्या गिटारच्या पिकअपसाठी आणली. कुठला लावला, किती वेढ्यांचा, कसा वाजला, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण राग आला की माझं अक्षर मोठं होतं आणि पानं भराभर संपतात, तेव्हा ही महिनाभर पुरेल असं वाटत नाही.

परवा सराव संपल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझा ब्रिजचा पिकअप बदल. फार टोचतो." माझ्याकडे न बघता म्हणाला. तो बेस वाजवतो. सव्वीस वर्षं माझ्या उजव्या हाताला उभा आहे आणि त्याला आत्ता टोचायला लागलं.

मी म्हटलं, "खोलीच वाईट आहे ही. सगळा आवाज भिंतींवर आपटतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला. आज दिवसभर दुकानात तेच डोक्यात घोळत होतं. पाण्याच्या पंपाच्या एका मोटारीला चार वेढे जास्त घातले, ते पुन्हा उलगडत बसले.

तीस तारखेला नगर वाचनालयाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे आणि पहिला कार्यक्रम आमचा. आजवर आम्ही लग्नांत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, कारखान्यांच्या संमेलनांत वाजवलं, आणि कायम लोक जेवत असताना. चारशे माणसं हातात ताट न घेता नुसती आमचं ऐकायला बसणार, ही पहिलीच वेळ. त्या दिवशी माझी गिटार कुणाला टोचली तर आमच्या बँडची, चौघांची माती होईल, हे मलाही कळतं. म्हणून पिकअप बदलणार आहे. भाऊ म्हणाला म्हणून नव्हे.

६ नोव्हेंबर, बुधवार

पिकअप ही काही जादू नाही. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की खाली जराशी वीज उठते. वडिलांच्या मागे मोटारी रिवाइंड करण्यात माझी हयात गेली. मोटारीत वीज घालून हालचाल काढायची, इथे हालचाल घालून वीज काढायची, एवढाच काय तो फरक. माझ्या गिटारवर असे दोन आहेत. मानेजवळचा गोल आणि मऊ बोलतो. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, धारदार बोलतो. माझे सगळे सोलो ब्रिजवरचे आहेत. मानेजवळच्यावर मी फक्त दुसऱ्यांची गाणी सांभाळते.

दमानंचा फोन आला होता. दमानं म्हणजे आमचा ड्रमवाला. सव्वीस वर्षं आम्ही त्याला "दमानं घे, दमानं घे" म्हणतोय, त्यामुळे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. भावानं त्याला पढवलेलं होतं. म्हणाला, "ताई, बॅटरीवाला पिकअप घे ना. सगळं आपोआप सांभाळतो म्हणे."

मी म्हटलं, "बॅटरी संपली की मुका. माझ्या गिटारला कुबडी नको." त्यावर तो काहीतरी पुटपुटला. हल्ली कुणाला तोंड उघडून बोलता येत नाही. गिऱ्हाईकंसुद्धा काउंटरपलीकडून पुटपुटतात, मग मीच खेकसते आणि तेच म्हणतात बाई तापट आहे.

बॅटरीचा विषय संपला. साधा, बिनबॅटरीचा पॅसिव्हच घ्यायचा.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाद्यांच्या दुकानातून एक पिकअप आणला. लोहचुंबक जरा सौम्य, वेढे जुन्याइतकेच. दुकानदारानं शपथेवर सांगितलं की याच्याइतका स्वच्छ ब्रिजचा पिकअप दुसरा नाही. घरी लावून पाहिला. गोधडीखालून बोलावं तसा वाजतो. मग जुना परत लावला, तोही गोधडीखालून. दोन्हींत काडीचा फरक नाही. दुकानदारानं मला जुनाच पिकअप नव्या डबीत घालून दिला की काय कोण जाणे.

पिकअप बदलायला दर वेळी सगळ्या तारा सोडायच्या, पुन्हा चढवायच्या, तोवर आधीचा आवाज कानातून जातो. आमच्या यांची पद्धत बरी. यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, लगेच दुसरं धरायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?" माणूस विचार करायच्या आत खरं बोलून जातो. मलाही तसंच करायला हवं.

म्हणून गिटार पालथी घातली आणि पाठीला ब्रिजच्या बरोबर मागे करवतीनं चौकोनी खाच कापली. आता पिकअप मागून ड्रॉवरसारखा आत सरकतो, तारांना हात लावावा लागत नाही. हे दारात उभे होते. म्हणाले, "अगं, सव्वीस वर्षांची गिटार आहे ती."

"माझी आहे," मी म्हटलं.

या खटाटोपात चहा राहून गेला आणि केटलीचं बूड जळलं. या वर्षातली ही दुसरी केटली. शिट्ट्या कसल्या करतात देव जाणे, दोन महिन्यांत मुक्या होतात. यांनी केटली हातात घेतली, शिट्टी फुंकून पाहिली, पुसली आणि ठेवून दिली. आता दुसऱ्या खोलीत असले तरी चहाचं तेच बघतात. म्हातारपणी संसारात लक्ष घालायला लागलेत, चांगलं आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

स्वतःच पिकअप गुंडाळायचा ठरवला. घरी वाइंडिंग मशीन असताना मी दुकानं का हिंडते आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जुन्याला आठ हजार वेढे. वेढे कमी केले की आवाज उघडतो, वरचे सूर जास्त येतात. साडेसहा हजारांवर थांबले. लोहचुंबक जोरदार घातला. तार इतकी बारीक की श्वासानंही हलते, दोनदा तुटली. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा इतका आनंद झाला की एकटीच दुकानात हसले.

लावून पाहिला. बरा आहे, पण अजून पडदा आहेच. पाचशे वेढे उलगडले. मग आणखी पाचशे. मग स्क्रू फिरवून तारांच्या अगदी जवळ आणला. आता कुठे जराशी धार आली. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईनं मधली खिडकी लावून घेतली. तिला संगीताचं वावडं आहे.

या पिकअपला मी "घरचा" म्हणते.

मागच्या अंगणातल्या झाडावर यंदा पाखरं नाहीत. पूर्वी सकाळी नुसता कलकलाट असायचा. झाडं तोडतात, मग पाखरं कुठून येणार?

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

आमच्यात एक रिवाज आहे. आवाजावरून भांडण झालं की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एकानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी पाठीमागे बोटं दाखवून मत द्यायचं. बहुमत होईल ते कायम. पुन्हा तो विषय काढायचा नाही. पहिल्या वर्षी दोन ड्रमसेटवरून मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा आमच्या नर्सबाईंनी हे काढलं. त्या गातात, आणि दिवसा खरोखरच इस्पितळात नर्स आहेत. सव्वीस वर्षांत भिंतीचा निकाल कुणी मोडलेला नाही.

आज मीच म्हटलं, होऊन जाऊ दे. भावाच्या हातात गिटार दिली आणि तिन्ही पिकअप दिले: जुना, दुकानातला आणि घरचा. तो बेसवाला असला तरी दोन सूर वाजवता येतात त्याला. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून. त्यानं एकेक पिकअप सरकवला आणि तीच ओळ तीनदा वाजवली.

मी तीन बोटं दाखवली. तिसरा उघडा होता, त्यात निदान गाणं कळत होतं. वळून पाहते तर दमानं दोन, नर्सबाई दोन. आणि दमानं दुसऱ्या हाताच्या तळव्यानं कान दाबून उभा.

"तिसरा घरचा होता," भाऊ म्हणाला.

"आणि पहिला नि दुसरा एकच होता," मी म्हटलं. "तू बदललाच नाहीस. मला फसवायला दोनदा तोच वाजवलास."

नर्सबाईंनी भावाकडे पाहिलं, भावानं जमिनीकडे. दमानं हळूच म्हणाला, "ताई, पहिला जुना होता आणि दुसरा दुकानातला. जमीन-अस्मानाचा फरक होता गं. आणि तिसरा म्हणजे पाटीवर खिळा."

तिघं एकमेकांना सामील आहेत. मला एवढंही कळत नाही असं वाटतं का त्यांना? मी म्हटलं, "हा निकाल मला मान्य नाही."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं आणि ते मी म्हणाले. भावानं गिटार खाली ठेवली. म्हणाला, "मग तीस तारखेला दुकानातला लावून ये, नाहीतर आम्ही तिघं वाजवतो."

मी गिटार उचलली आणि आले. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. घरचाच लावणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर कुणाशी बोलले नाही. लेकीचा फोन आला, तिलाही म्हटलं नंतर कर, तुझं काही कळत नाहीये, लाइन खराब आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला आणि दुसरा एकच होता हे सिद्ध करायचं म्हणून आज दोन्ही पिकअप मीटरला लावले. मीटर कुणाचा भाऊ नसतो.

एक नव्हते. खालच्या सुरांना दोन्हींची सुई सारखी, वरच्या सुरांना दुकानातल्याची सुई चांगली दोन घरं खाली. दमानं म्हणाला तसा जमीन-अस्मानाचा. मग मला का नाही कळला? अॅम्पलिफायर मेला असणार. वडील रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हाचं त्यांचं यंत्र माळ्यावर होतं, बटण फिरवू तो सूर एकसारखा काढणारं. ते काढलं, पुसलं, अॅम्पलिफायरला जोडलं आणि स्पीकरसमोर मीटरचा माइक ठेवला.

सेकंदाला हजार कंपनांवर सूर आला. दोन हजारांवर आला. तीन हजारांवर दारापलीकडून आल्यासारखा. साडेतीन हजारांच्या पुढे काही नाही. सुई मात्र होती तिथेच.

स्पीकर बदलला. सुई तिथेच, आवाज नाही. केबल बदलली. यंत्राचं बटण आणखी वर नेलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. सुई पार टोकाला जाऊन टेकली. मला पंख्याची घरघर ऐकू येत होती, रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता. स्पीकर गप्प.

तेवढ्यात पंपाची मोटार न्यायला गिऱ्हाईक आलं, दणकट माणूस. उंबऱ्यावरच थांबला, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडला, "ओ बाई, बंद करा ते. डोकं फुटेल माणसाचं."

मी बंद केलं. त्यानं हात खाली घेतले.

मी त्याला म्हटलं, एक मिनिट थांबा, आणि पुन्हा लावलं. त्यानं पुन्हा कान झाकले. बाई वेडी आहे अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मोटार दिली, वेढ्यांची हमी दिली, सगळं नीट बोलले. तो गेल्यावर स्टुलावर बसले आणि रडले. मग उठून त्या स्पीकरला लाथ मारली. पायाचा अंगठा सुजलाय.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी यांना विचारलं, "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

काय, असं विचारलं नाही त्यांनी. चष्मा काढला, पुसला. "दोन वर्षं झाली," म्हणाले. नेहमीसारखे माझ्या उजव्या बाजूला बसून म्हणाले, आणि ते नेहमी उजव्या बाजूलाच बसतात हेही मला तेव्हाच कळलं.

केटलीची शिट्टी वाजते, म्हणाले. दाराची घंटाही. पाखरं जिथल्या तिथे आहेत. लेकीनं दोन वर्षांत आवाज जाड करून बोलायची सवय लावून घेतली आहे आणि मी समजत होते की तिला सारखी सर्दी असते.

"जगाला चष्मे लावत फिरता आणि घरातल्या बाईचा कान गेलेला सांगत नाही?"

"सांगितलं असतं तर तू वाजवणं सोडलं असतंस," ते म्हणाले.

त्यांनी लपवलं याचा राग नाही आला तेवढा या वाक्याचा आला. पस्तीस वर्षं संसार केला या माणसानं माझ्याबरोबर. मी सोडलं असतं? मी? एवढंच ओळखलं का? मी चहा न पिताच माझ्या दुकानात निघून गेले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे गेले. एकटी. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाला. बराच वेळ काही येतच नव्हतं. वाटलं अजून सुरू व्हायचंय. काचेपलीकडे तो मान वाकवून कागदावर खुणा करत होता तेव्हा कळलं की सुरू होऊन बराच वेळ झालाय.

आलेख पाहिला. सरळ चालत येऊन जिना उतरावा तशी रेघ. डावा कान जास्त खाली. डाव्या बाजूला काय असतं, डॉक्टरनं विचारलं. दमानंच्या झांजा असतात, दुसरं काय. आणि दुकानातला ग्राइंडर. कानात बोळे घाला असं वडील सांगायचे. तेव्हा मी म्हणायचे, बोळे घातले तर मोटार काय म्हणते ते कसं कळणार?

कानाला यंत्र लावता येईल म्हणाला. बोलणं बरंच सुधारेल. त्यात बॅटरी असते. मी हसले, तो बावचळला. मग गिटारचं विचारलं. म्हणाला, संगीत सुरुवातीला विचित्र ऐकू येईल, सवयीला महिने लागतात, आणि उरलेलं जपायचं तर कान झाकूनच वाजवावं लागेल. मग पेनाचं टोपण लावत, "खरं तर या वयात सोडून दिलेलं बरं."

या वयात! माझ्या बोटांना कुठला आजार झालाय का, असं विचारलं मी त्याला. नाही म्हणाला. मग यंत्राचं माप द्या आणि तोंड आवरा, असं म्हणाले नाही, पण माप दिलं आणि उठले. यंत्र महिनाअखेरीनंतर मिळेल. म्हणजे तीस तारीख अशीच काढायची.

घाबरले आहे. इथे लिहायला हरकत नाही. फार घाबरले आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सरावाला गेले. गिटार खांद्यावरून काढायच्या आत आलेखाचा कागद ड्रमवर ठेवला.

नर्सबाईंनी एकदाच पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना केव्हाच संशय होता, हे त्या हातावरूनच कळलं. दमानं बराच वेळ कागद बघत राहिला. "माझ्या झांजांनी?" त्यानं विचारलं.

"तुझ्या झांजा, माझा ग्राइंडर आणि माझा शहाणपणा. तिघांनी मिळून," मी म्हटलं. तरी तो डोळे पुसत बाहेर जाऊन आला.

भाऊ कागदाकडे बघतच नव्हता. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"तू अॅम्पलिफायरचं वरच्या सुरांचं, धारेचं बटण दर महिन्याला थोडं थोडं वर नेत होतीस ताई. उन्हाळ्यात ते टोकाला पोचलं." नखानं टेबल खरवडत होता. "तोंडावर सांगायचं कसं तुला? म्हणून म्हटलं पिकअप बदल. वाटलं, मऊ पिकअप लावशील, निभावून जाईल, विषयच निघणार नाही."

म्हणजे तीन आठवडे मी जो पिकअप शोधत होते तो कुणाला नकोच होता. गिटारची पाठ कापली मी त्यापायी. हसावं की त्याला बडवावं ते कळेना, म्हणून हसले.

मग मी सांगितलं. "भिंतीचा निकाल मोडला त्याबद्दल माफ करा. दुकानातला लावते. पिकअप तुमच्या कानांनी निवडलेला, वाजवणार मी."

भाऊ म्हणाला, "तीस तारखेला मानेजवळच्यावरच वाजव ना. सोलो सोडून देऊ, नर्सबाई एक कडवं जास्त गातील. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," मी म्हटलं. "ब्रिजवर वाजवणार. सगळे सोलो."

तो काही बोलला नाही. त्याची गप्प राहायची ही पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. पाटी-पेन्सिल हरवल्यावरही असाच गप्प बसायचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चिखलात वाजवतेय. सूर कुठे सुरू होतो ते कळतं, कुठे संपतो ते नाही. पण बोटांना वाट माहीत आहे. गिटार छातीला घट्ट धरली की लाकडातून काहीतरी येतं. तेवढ्यावर चालवते.

पिकअप तारांच्या किती जवळ ठेवायचा ते अजून ठरायचं होतं. एका स्क्रूचा पाव फेरा इकडेतिकडे झाला तरी टोचू शकतो. यांना समोर बसवलं. यांना सूर कशाशी खातात ते माहीत नाही, आमच्या लग्नात बँड वाजत होता तेव्हा हे चुकीच्या जागी टाळी वाजवत होते. पण कान धडधाकट आहेत. मी स्क्रू फिरवायची, वाजवायची आणि विचारायची, "आता बरं, की आधी बरं होतं?"

पहिल्यांदा माझ्या मनाला लागेल म्हणून दोन्ही बरं म्हणाले. मी म्हटलं, "गिऱ्हाईकाला असं चालवून घेता का?" मग नीट सांगायला लागले. आधी. आता. आधी. टोचतंय. टोचत नाही. दीड तास बसले, पाणीसुद्धा मागितलं नाही. शेवटी म्हणाले, "इथे थांब. इथे स्वच्छ दिसतंय." दिसतंय म्हणाले. मी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला, हलू नये म्हणून.

अजून बोलत नाही आहे मी त्यांच्याशी धड. पण मऊ पडले आहे, हे कबूल.

१ डिसेंबर, रविवार

कालचं लिहिते.

सभागृह भरलं होतं. रंगमंचाच्या कडेला साउंडवाला बसलेला, त्याच्या समोर आवाज वरखाली करायची पाटी. त्यावर आम्हा प्रत्येकाचा एकेक हिरव्या दिव्यांचा दांडा, खाली पट्टी चिकटवून लिहिलेलं: गायिका, ड्रम, बेस, गिटार. आवाज आला की दिवे चढतात. कार्यक्रमाआधी मी नीट बघून ठेवलं होतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचे डोळे रिकामे नसतात.

पहिली दोन गाणी गेली. तिसऱ्यात माझा मोठा सोलो. ब्रिजवर टाकलं आणि सुरू केलं. पाच-सहा सूर वाजवून सहज कडेला पाहिलं. ड्रमचे दिवे नाचत होते. बेसचे चढउतार करत होते. गिटारचा दांडा काळा होता. माझी बोटं तारांवर धावत होती आणि दांडा ठार काळा.

केबल पाहिली, नीट होती. साउंडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं मान खाली घातली. मग भावाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत वाजवत होता.

मी हात थांबवला. चारशे माणसांत एकाचीही मान वळली नाही. मी वाजवत नाही हे कुणाला कळलंच नाही, कारण वाजवत होते तेही कुणाला कळलं नव्हतं. यापेक्षा वाईट मला आयुष्यात काही वाटलेलं नाही. आईवडील गेले तेव्हाचं वेगळं.

पुढे गेले आणि नर्सबाईंसमोर हात केला. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि माइक दिला. दमानं थांबला, मग भाऊही थांबला.

"मंडळी," मी म्हटलं, "गिटार बिघडलेली नाही. बंद केली आहे. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत म्हणून माझ्या माणसांना धास्ती वाटते. त्यांचं चुकलं नाही. पण मला दिसतं अजून." आणि साउंडवाल्याकडे वळून, "दादा, माझे दिवे लावा. गाणं पहिल्यापासून घेऊ."

सभागृहात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली असं नर्सबाई नंतर म्हणाल्या. मला काय, शांतताच असते. साउंडवाल्यानं भावाकडे पाहिलं. भावानं मान हलवली. दांडा हिरवा झाला.

वाजवलं. कसं ते मला विचारू नका. दोनदा बोट घसरलं, ते लाकडातून कळलं. एका जागी दमानं पुढे पळाला तेव्हा त्याच्या पायाकडे बघून त्याला गाठलं. शेवटपर्यंत वाजवलं, एक सूरही गाळला नाही. लोक उभे राहिले तेव्हा आधी वाटलं की निघून चालले.

मागच्या खोलीत भाऊ आला. माझ्या डाव्या बाजूनं काहीतरी बोलायला लागला, मग थांबला, वळसा घालून उजवीकडे आला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला. लोक हसतील तुला, असं वाटलं."

"हसले असते तर मला हसले असते," मी म्हटलं. "तुला कुणी अंगावर घ्यायला सांगितलं होतं?"

त्याचे डोळे भरले. मी त्याला जवळबिवळ घेतलं नाही. पुढच्या शनिवारी सराव आहे, तेव्हा बघू. दमानंला मात्र सांगून टाकलं, आता तू माझ्या उजवीकडे, बऱ्या कानाच्या बाजूला जायचं आणि ड्रमच्या जागी मी. त्यानं तिथल्या तिथे मान डोलावली.

घरी चालत आलो. हे माझ्या उजव्या बाजूनं. गिटार त्यांच्याच खांद्यावर. मग मीच म्हटलं, "बोला की. गिऱ्हाईकाला सांगता तसं सांगा."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "फक्त एकदा टोचलं. अगदी शेवटी, तो शेवटचा सूर होता ना, तिथे. पुढच्या रांगेतल्या बाईनं कान झाकला."

तो सूर वाजवायच्या आधी मी गिटारचं धारेचं बटण पूर्ण उघडलं होतं. मला त्यानं काही फरक पडला नाही. समोरच्या चारशेंना पडावा, एक तरी मान वळावी म्हणूनच उघडलं होतं.